मुलाला कोंडायचेच, तर किल्ली सरकारच्या हाती हवी

अल्पवयीन मुलाच्या हातून गंभीर गुन्हा घडला की आपल्याकडे चर्चेची पहिली ओळ ठरलेली असते: वयोमर्यादा खाली आणा. अठराची सोळा केलीच आहे, आता चौदा करा. समोरून तितकेच ठरीव उत्तर येते: मूल ते मूल, त्याला सुधारायची संधी द्या. दोन्ही बाजू आठवडाभर वाहिन्यांवर भांडतात आणि पुढचा गुन्हा घडेपर्यंत गप्प बसतात. त्या मुलाला ताब्यात घेतल्यावर ठेवायचे कुठे, कोणाच्या हवाली, आणि तिथे त्याने दिवसभर करायचे काय, हे मात्र या गदारोळात कोणीही विचारत नाही.

पुण्याचे पोर्शे प्रकरण आठवा. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी 17 वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप होता. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. लोक खवळले, आणि खवळायलाच हवे होते. रक्ताचे नमुने बदलल्याचा प्रकार उघडकीस आल्यावर तर संतापाला आणखी धार आली. जामिनानंतर तीनच दिवसांनी त्याच मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी होईपर्यंत मुलांना ठेवण्याच्या जागेत, पाठवले. 25 जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते डांबणे बेकायदा ठरवून त्याला सोडले. निबंधावर विनोद झाले, सुटकेवर अग्रलेख झाले. पण मधल्या महिनाभरात त्या मुलावर निरीक्षणगृहात कोणी काय काम केले, त्याच्याशी कोण बोलले, आणि त्याच छपराखाली राहणाऱ्या, वकील न परवडणाऱ्या मुलांचे काय चालले होते, याची चौकशी करावीशी कोणाला वाटली नाही. ‘आत टाकले’ एवढ्यावर आपले समाधान झाले होते.

माझे म्हणणे असे आहे. वयाचा वाद दुय्यम आहे. मुलांना डांबून ठेवण्याच्या जागा सरकारने स्वतः उभारल्या पाहिजेत, स्वतः चालवल्या पाहिजेत, आणि त्यांवर खर्च करताना हात आखडता घेता कामा नये. या जागा थोड्या असाव्यात, लहान असाव्यात आणि मुलाच्या घरापासून जवळ असाव्यात. त्या तशा नसतील, तर वय चौदा ठेवा की अठरा, निकाल एकच लागणार: मूल जसे आत गेले त्याहून बिघडून बाहेर येणार.

मुंबईतल्या डोंगरीचे उदाहरण घेऊ. कोल्हापूर प्रकरणात शिक्षा झाल्यावर टिळक आणि आगरकर यांनी 1882 साली 101 दिवस ज्या डोंगरीच्या तुरुंगात काढले, त्याच उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात पुढे मुलांचे रिमांड होम आले. याकडे केवळ योगायोग म्हणून पाहून चालणार नाही. मुलांसाठी वेगळी जागा हवी हे तत्त्व आपण फार लवकर मान्य केले. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा 1857 पासून आहे; सुधारशाळांचा कायदा 1876 मध्ये आला, तो 1897 मध्ये सुधारला गेला; मुंबई इलाख्याचा बाल कायदा 1924 चा, बोर्स्टल शाळांचा, म्हणजे तरुण गुन्हेगारांच्या बंदिस्त सुधारशाळांचा, 1929 चा. कायदे करण्यात हा प्रांत कधी मागे नव्हता. इमारत, माणसे आणि पैसा द्यायची वेळ आली की मात्र थोरल्याचा उतरलेला सदरा धाकट्याच्या अंगावर चढवावा तसे झाले: जुना तुरुंग, जुनी कुलपे, इतर खात्यांतून उरलेला निधी.

2015 च्या बाल न्याय कायद्यातही हीच तफावत दिसते. दिल्लीच्या 2012 मधल्या सामूहिक बलात्कार प्रकरणातला अल्पवयीन आरोपी विशेष गृहातली तीन वर्षे संपवून 20 डिसेंबर 2015 रोजी सुटला आणि दोनच दिवसांत, 22 डिसेंबरला, राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला असेल, तर प्राथमिक मूल्यांकन करून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवता येईल, ही तरतूद सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याच कायद्यात 47, 48 आणि 49 ही तीन कलमे आहेत, ती किती जणांनी वाचली असतील? चौकशी चालू असताना ठेवायला प्रत्येक जिल्ह्यात किंवा जिल्ह्यांच्या गटात निरीक्षणगृह, आदेशानंतर ठेवायला विशेष गृह, आणि गंभीर प्रकरणांसाठी राज्यात किमान एक सुरक्षित ठिकाण राज्य शासनाने उभारावे, असे ती सांगतात. संसदेत आणि संसदेबाहेर रण माजले ते प्राथमिक मूल्यांकनाच्या पंधराव्या कलमावर. या तीन कलमांसाठी कोणी मेणबत्त्या पेटवल्या नाहीत. आणि दिल्लीच्या प्रकरणानंतर नेमलेल्या ज्या न्यायमूर्ती वर्मा समितीचे नाव तेव्हा सगळेच घेत होते, तिने जानेवारी 2013 च्या अहवालात वय खाली आणायला नकार दिला होता. नकाराचे कारण नुसती दया नव्हती. आपले तुरुंग आणि आपली सुधारगृहे माणूस घडवत नाहीत, उलट गुन्हेगार वाढवतात, आणि तिथे मुलांना दिलेले संरक्षणाचे वचन पोकळ निघते, असे समितीने स्पष्ट लिहिले होते. अहवालातला गुन्ह्यांविषयीचा भाग आपण उचलला आणि हा भाग तिथेच सोडला.

आता समोरच्या बाजूचे ऐकू, कारण त्यात दम आहे. ज्या आईबापांचे मूल गेले त्यांना ‘आरोपीही मूलच आहे’ हे सांगणारे आपण कोण? त्यांच्या दुःखाला आरोपीच्या जन्मतारखेने काही फरक पडत नाही. शिवाय सतरा वर्षे अकरा महिन्यांचा मुलगा आणि अठरा वर्षे एक महिन्याचा तरुण यांत निसर्गाने कोणतीही भिंत घातलेली नाही. ती भिंत कायद्याची आहे आणि कायद्याने ती हलवलीही आहे: 1986 च्या कायद्यात मुलग्यांसाठी सोळा, मुलींसाठी अठरा, आणि 2000 मध्ये दोघांसाठी अठरा. हे सगळे मला मान्य आहे. पण यातून निघते काय? पीडित कुटुंबाला दोनच गोष्टी देता येतात: गुन्ह्याची गंभीर दखल घेतली गेली याची खात्री, आणि हेच दुसऱ्या घरावर ओढवणार नाही याची थोडीफार हमी. मोठ्यांच्या तुरुंगात टाकलेला मुलगा कधी ना कधी सुटणारच, कारण कायद्याने त्याला फाशी देता येत नाही आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही देता येत नाही. सुटेल तेव्हा तो विशी-तिशीत असेल आणि मधली वर्षे त्याने सराईतांच्या बराकीत काढलेली असतील. ही कसली हमी?

दुसरा मुद्दा टोळ्यांचा. पुण्यात कोयता गँगच्या बातम्या सुरू झाल्यापासून पोलीस आणि नागरिक दोघेही एकच सांगतात: टोळीचे म्होरके मुद्दाम पंधरा-सोळाची पोरे पुढे करतात, कारण ती लवकर सुटतात. हे खरे आहे आणि त्याकडे डोळेझाक करणाऱ्या बालहक्कवाल्यांनी स्वतःचेच नुकसान करून घेतले आहे. वस्तीतल्या माणसाला ज्याची रोज धास्ती वाटते, ते ‘आकडेवारीत नगण्य’ आहे म्हणून त्याची समजूत घालता येत नाही. आकडे नगण्य नाहीतही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या हिशेबात विधिसंघर्षग्रस्त बालकांविरुद्ध, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांविरुद्ध, 2021 मध्ये 31,170 आणि 2022 मध्ये 30,555 प्रकरणे नोंदली गेली. आलेख भडकलेला नाही, पण देशभरात वर्षाला तीस हजार ही संख्या लहान कशी म्हणायची? तरीही वय चौदा केल्याने म्होरक्याचे काय बिघडणार? तो बाराचे पोर शोधेल. मुलांना गुन्ह्यात वापरणाऱ्या प्रौढांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड सांगणारे 83 वे कलम याच कायद्यात आहे. वय कमी करण्याची मागणी करणाऱ्या पुढाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यात हे कलम किती वेळा लावले गेले, एवढे जरी पोलिसांना विचारले, तरी चर्चा निम्मी शहाणी होईल. आणि पोर ‘लवकर सुटते’ यातली खरी अडचण सुटण्याची नसून सुटून कुठे जाते याची आहे. त्याच गल्लीत, त्याच म्होरक्याच्या चहाच्या टपरीवर. जामीन देणाऱ्या मंडळापुढे साधारण दोनच पर्याय असतात: घर, नाहीतर निरीक्षणगृह. घरी म्होरका आणि निरीक्षणगृहात त्याचीच आणखी चार पोरे, असे असेल तर मंडळाने करावे काय? निबंधाला आपण हसलो, पण मंडळाला निबंधाहून बरे काही सुचवता येईल अशी व्यवस्था आपण हाताशी दिली होती का?

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. सरकार हे काम करायला नालायक आहे, असे अनुभवी माणसे सांगतात. सरकारी गृहातून मुले पळाल्याच्या, तिथे मारामाऱ्या झाल्याच्या, कर्मचाऱ्यांनीच छळ केल्याच्या बातम्या काय कमी येतात? त्यापेक्षा चांगल्या स्वयंसेवी संस्थांना द्या, अनुदान द्या, देखरेख ठेवा. कायद्यालाही हे चालते. राज्याने स्वतः किंवा संस्थेमार्फत, असे दोन्ही मार्ग त्यात मोकळे आहेत. महाराष्ट्रात तर ही जुनी रीत आहे. मुंबईत 1927 पासूनची चिल्ड्रन्स एड सोसायटी, जिल्ह्याजिल्ह्यांत परिविक्षा व अनुरक्षण (देखरेख आणि सुटकेनंतरची काळजी) संघटना. ना पूर्ण सरकारी, ना पूर्ण खासगी. त्यांत मन लावून काम केलेली माणसे होऊन गेली आणि आजही आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे.

पण अनाथ मुलाला आसरा देणे आणि मुलाला कुलूप लावणे ही एकाच जातीची कामे नाहीत. आसरा कोणीही देऊ शकतो. मंदिराने द्यावा, मिशनने द्यावा, शेजाऱ्याने द्यावा. कोणाचे स्वातंत्र्य काढून घेण्याचा अधिकार मात्र घटनेने फक्त राज्यसंस्थेला दिलेला आहे, तोही कायद्याच्या चौकटीत. तो अधिकार ठेक्याने दिला की जबाबदारीही ठेक्याने जाते. काही बिघडले की संस्था म्हणते अनुदान थकले, खाते म्हणते संस्था स्वायत्त आहे, आणि मधल्या मध्ये मुलाचा वाली उरत नाही. बिहारात मुझफ्फरपूरचे बालिकागृह एक संस्था सरकारी पैशाने चालवत होती. तिथे चाललेले अत्याचार 2018 मध्ये बाहेर आले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या चमूने पाहणी केल्यामुळे, खात्याच्या देखरेखीमुळे नव्हे. 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. ते निवाऱ्याचे गृह होते, डांबण्याचे नव्हते, हे खरे. मग डांबण्याचे उदाहरण घ्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लुझर्न काउंटीत दोन न्यायाधीशांनी खासगी बालबंदीगृहाशी संबंधित लोकांकडून लाखो डॉलर घेतले. शाळेत केलेल्या क्षुल्लक खोड्यांसाठीही तिथे मुले डांबली जात होती, वकिलाशिवाय, काही मिनिटांच्या सुनावणीत. 2009 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला हजारो मुलांवरचे निकाल रद्द करावे लागले. खाटा भरल्या तरच पैसे मिळणार असतील, तर खाटा रिकाम्या राहाव्यात असे कोणाला वाटेल?

इतके दूर जायचीही गरज नाही. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली सेटलमेंट काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होती. सरकारने जमातींवर शिक्का मारायचा, मिशनने त्यांना सांभाळायचे. मिशनच्या माणसांचा हेतू चांगला असेल, त्यांनी शाळाही चालवल्या. पण आईबापांपासून लेकरू काढून सुधारशाळेत घालण्याची सोय त्याच कायद्यात होती, आणि त्या लेकराने दाद मागायची कोणाकडे, याला उत्तर नव्हते. धर्मादायाच्या पांघरुणाखाली सक्ती लपते. पारधी वस्तीतल्या पोराला आजही संशयावरून उचलले जाते, तेव्हा हा इतिहास संपला असे मला म्हणवत नाही.

सरकार वाईट चालवते, हे कबूल. पण सरकारला विधानसभेत प्रश्न विचारता येतो, माहितीचा अधिकार लावता येतो, उच्च न्यायालयात खेचता येते. तुरुंगांत कोंबलेल्या मुलांसाठी पत्रकार शीला बर्से सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1986 मध्ये न्यायालयाने आदेश दिले, ते राज्यांना. ठेकेदाराविरुद्ध अशी याचिका चालवायची म्हटली तर पहिली चार वर्षे खरा मालक कोण हेच ठरवण्यात जातील. सरकारी शाळा वाईट चालल्या म्हणून आपण शिक्षणाचा हक्क सोडला नाही; इथे तर मुलाला शाळा बदलायचीही मुभा नाही. संस्थांनी जरूर आत यावे. शिकवावे, समुपदेशन करावे, नाटक बसवावे, आणि जे दिसेल ते बाहेर येऊन बोलावे. किल्ली हातात नसेल तरच त्यांना मोकळेपणाने बोलता येईल.

चौथी बाजू या सगळ्याच्या उलट टोकाची: मुलांना डांबूच नका. तिच्या हाताशी पुरावाही आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात 1902 मध्ये बोर्स्टल गावी सुरू झालेला प्रयोग जगभर नावाजला गेला, आपणही तो उचलला. 1982 मध्ये इंग्लंडनेच तो कायद्याने बंद केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बालसुधार खात्याचे प्रमुख जेरोम मिलर यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोठमोठ्या सुधारशाळांना टाळे ठोकले आणि आकाश कोसळले नाही. मी या बाजूच्या बराच जवळ आहे. चोरीच्या मोबाइलसाठी कुठल्याच मुलाला रात्रभरही आत ठेवू नये, आणि कायदाही जामीन हाच नियम मानतो. पण मॅसॅच्युसेट्सनेही काही लहान बंदिस्त गृहे ठेवलीच, कारण काही मुले खरोखरच धोकादायक असतात, तर काहींच्या जिवालाच बाहेर धोका असतो. अमेरिकेतल्याच मिसुरी राज्याने बूनव्हिलची जुनी प्रशिक्षणशाळा 1983 मध्ये बंद केली आणि तिच्या जागी घराजवळची, मोजक्या मुलांची गृहे उभी केली. गणवेशातल्या पहारेकऱ्यांऐवजी मुलांशी बोलू शकणारी शिकलेली माणसे ठेवली. ती गृहे राज्याचीच होती. अमेरिकेत या विषयावर जेव्हा कोणी आशेने बोलते तेव्हा मिसुरीचे नाव निघते. यातून सरकारने हात काढून घ्यावा असा अर्थ काढणे मला पटत नाही.

पैशाचे काय? मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या निकषांत संस्थेतल्या मुलाच्या पालनपोषणासाठी महिन्याला 3,000 रुपये धरले आहेत. म्हणजे दिवसाला 100 रुपये. त्यात खाणे, कपडे, साबण, औषध. पगार आणि इमारत वेगळी, हे धरूनही वाढत्या वयाच्या मुलाला या पैशांत काय मिळते, ते कोणत्याही गृहिणीला विचारा. बाहेरच्या शाळांना पैसा अपुरा पडत असताना गुन्हेगार पोरांवर का उधळायचा, असे कोणी म्हणेल. प्रश्न गैर नाही. पण बाहेरच्या मुलाला राज्याने हात लावलेला नाही. याला लावला आहे. एखाद्याला कुलूप लावल्या क्षणापासून त्याच्या जेवणाचा, औषधाचा आणि वेळेचा हिशेब कुलूप लावणाऱ्याकडे येतो. तो जमत नसेल तर कुलूप लावू नये.

वेळेचा हिशेब तर सर्वांत बिकट. मंडळाने चौकशी चार महिन्यांत संपवावी, फार तर दोन महिने वाढवावेत, असे कायदा म्हणतो. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या 2025 मधल्या अभ्यासानुसार ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस देशातल्या 362 मंडळांपुढच्या एक लाखाहून अधिक प्रकरणांपैकी 55 टक्के प्रलंबित होती. सोळाव्या वर्षी पकडलेल्या मुलाचा निकाल लागतो तेव्हा तो मिसरूड फुटलेला तरुण झालेला असतो. त्याला बारा वर्षांच्या पोरांबरोबर ठेवणे धोक्याचे आणि तुरुंगात पाठवणे बेकायदा. यासाठीच कायद्याने सुरक्षित ठिकाण सांगितले आहे, आणि ते राज्यभरात एखादेच असेल तर चंद्रपूरच्या किंवा सिंधुदुर्गच्या आईने मुलाला भेटायला मजुरी बुडवून किती वेळा जायचे?

आणि प्रौढासारखा खटला चालवून दोषी ठरलेल्या मुलाचे पुढे काय होते, तेही पाहा. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचे, तिथे शिक्षण, कौशल्य, समुपदेशन द्यायचे, दरवर्षी अहवाल मागवायचा. एकवीस पूर्ण झाल्यावर बाल न्यायालयाने त्याला समोर बोलावून ठरवायचे की तो सुधारला आहे का. सुधारला असेल तर सोडायचे, नसेल तर उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात. कायद्यात याहून कठोर आणि याहून माणुसकीची तरतूद क्वचितच सापडेल. पण मधल्या तीन-चार वर्षांत त्याला शिक्षक मिळाला नसेल, समुपदेशकाचे पद रिकामे असेल, परिविक्षा अधिकाऱ्याने अहवाल ठरीव छापील ओळींत भरून पाठवला असेल, तर न्यायाधीश ठरवणार कशावरून? तेव्हा तो तरुण ‘सुधारला नाही’ म्हणून तुरुंगात जाईल, आणि सुधारण्याची साधने ज्या खात्याने द्यायची होती त्याची फाइल न्यायालयासमोर येणारसुद्धा नाही. वय चौदा करा म्हणणाऱ्यांनी आणि अठराच ठेवा म्हणणाऱ्यांनी मिळून निदान ती फाइल न्यायालयासमोर मागवून घ्यावी.